मंग गॅरंटी कायची?

एप्रिल संपत आला होता. लग्नाच्या तिथींमध्ये थोडी फट पडली होती आणि मी स्टुडिओच्या टेबलावर तीन कोऱ्या हार्डडिस्का मांडून बसलो होतो. दिग्रसचा, आर्णीचा आणि मी, असे तिघं स्टुडिओवाले हंगामात नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून एकत्रच माल आणतो. भावात घासाघीस करायला तीन तोंडं असली की बरं पडतं, गाडीभाडंही वाटून जातं. या खेपेला तीन डिस्का मुद्दाम तीन वेगळ्या जातीच्या घेतल्या होत्या. कोणती वेगाला बरी, कोणती आवाजाला कमी, कोणती टिकेल, हे एकदाचं पाहून मग वाटून घ्यायचं ठरलं होतं. पाहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला त्यातलं कळतं असा त्या दोघांचा समज आहे. एक डिस्क सीपीयूच्या बाहेरच वायर लावून फिरत होती. तेवढ्यात गावातले एक बाबाजी पेन्शनच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आले. फोटो काढून झाला, प्रिंट निघेपर्यंत ते खुर्चीवर टेकले आणि टेबलाकडे पाहत राहिले.

"हे का होय जी?"

"हार्डडिस्क, बाबाजी. लग्नाचं शूटिंग याच्यात ठेवतो."

किंमत विचारली, मी सांगितली. त्यांनी टोपी मागं सारली. "गॅरंटी असंन मंग."

"आहे ना. हिले दोन वर्षं, थ्या काळीले पाच."

"म्हंजे बिघडली त कंपनी नवीन देईन."

"देईन."

"अन् आतलं?"

"आतलं नाही देत, बाबाजी."

"मंग गॅरंटी कायची?" एवढं बोलून त्यांनी फोटो पिशवीत घातले, सुटे पैसे मोजून दिले आणि निघून गेले. टोमणा मारावा असा त्यांचा स्वभाव नाही. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला मात्र कळत होतं, आणि तरी उत्तर नव्हतं.

वेगाचं सगळ्यात सोपं असतं. मोठी फाइल घ्यायची, कॉपीला लावायची, आकडा पाहायचा. कोरी असताना तिघीही सेकंदाला दीडशे-दोनशे एमबीच्या घरात लिहीत होत्या. भरत आल्या की हाच आकडा निम्म्यापर्यंत खाली येतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. डिस्कच्या आत माहिती धरणारी गोल तबकडी फिरते, तिच्या बाहेरच्या अंगाला घेर मोठा, म्हणून एका फेऱ्यात जास्त माल उचलला जातो. आतल्या अंगाला घेर लहान, फेरे तेवढेच. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेला सहा गिगाबिटचा आकडा वायरचा आहे, फिरत्या तबकडीला तो कधीच गाठता येत नाही, पण दुकानदार बोट त्याच आकड्यावर ठेवतो. खरा फरक कळतो तो बारीक फाइलींत. करिझ्मा अल्बमचे, म्हणजे छापील पुस्तकासारख्या लग्नाच्या अल्बमचे, हजारो फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकायला लावा, सगळ्याच डिस्का घाम गाळायला लागतात. माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला जागेवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग हवी ती जागा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला चार आणि ५४०० वालीला साडेपाच मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी ठिकाणी पोचता येतं. आपण पडद्यावरची हिरवी पट्टी पाहून चरफडतो आणि आत ती बिचारी धावून धावून थकलेली असते.

आणि एवढं मोजल्यावर लक्षात येतं की रोजच्या कामात अडतं ते भलतीकडेच. लग्न लावून रात्री दोनला परत आलं की पहिलं काम कार्ड रिकामी करणं. १२८ जीबीचं कार्ड, आमच्या रीडरमधून सेकंदाला नव्वद एमबीच्या वर काही येत नाही. वीस-पंचवीस मिनिटं बसायचंच, समोर कितीही वेगवान डिस्क असो. त्या वेळात मी बूट काढतो, अंगावरच्या अक्षता झटकतो, मांडवातून बांधून आणलेल्या बुंदीची पुडी सोडतो. डिस्क दुप्पट वेगाची आणली तरी ती वीस मिनिटं काही कमी होणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ती कमी व्हायला नकोही आहेत.

तिघींतली सगळ्यात स्वस्त होती तिनं मात्र दुसऱ्या दिवशी रंग दाखवला. तीन-चार लग्नांचा डाटा एकदम टाकायला लावला. आधी छान पळाली, मग वेग उतरत उतरत सेकंदाला वीस-तीस एमबीवर आला, मधूनच शून्यावर जाऊन थांबायचा. डिस्क खराब नव्हती, तिची रचनाच तशी. आमच्या जुन्या घरावर कवेलू होते. एका ओळीची कड दुसरीवर चढवलेली, त्यामुळे मधला एक फुटला की त्याच्यावरच्या ओळी उचलल्याशिवाय तो बदलता येत नसे. या जातीच्या डिस्कमध्ये माहितीच्या रेघा तशाच एकमेकींवर चढवलेल्या असतात. तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधली एक रेघ बदलायची तर तिच्या लगतच्या पुढच्या रेघाही पुन्हा लिहाव्या लागतात. सुरुवातीला ती राखीव पट्ट्यात भराभर लिहून घेते, पट्टा भरला की दम लागतो. कंपन्या ही रचना न सांगता साध्या डिस्कांत, इतकंच काय नॅसच्या (नेटवर्कवरून अनेकांनी वापरायच्या साठवणीच्या) डिस्कांतही घालत होत्या हे २०२० साली उघडकीला आलं आणि जगभर ओरड झाली. तेव्हापासून कोणत्या मॉडेलात काय आहे हे कंपन्या सांगतात. सीताबर्डीच्या काउंटरवर मात्र ते कोणी वाचून दाखवत नाही. एकदा भरून कपाटात ठेवायला ही डिस्क वाईट नाही. तिच्यावर मिक्सिंग, म्हणजे शूटिंगची कापाकापी-जोडाजोडी, करायला बसलात तर हात जोडायची वेळ येईल.

आवाजाचं काय करावं हे कळेना. कंपनीच्या कागदावर वीस ते तीस डेसिबल असे आकडे असतात. ते मोजायची खोली वेगळी असणार. आमच्या स्टुडिओत एप्रिलमध्ये कूलर चालू असतो. त्याचा पंखा डुगडुगतो, पंप मधूनच कोरडा पडून घरघरतो, बाजूला आटाचक्की आणि समोर रसवंतीचा घुंगरू लावलेला चरक. या सगळ्यात डिस्कचा आवाज ऐकणं म्हणजे बँडच्या पुढं उभं राहून गुरुजींचे मंत्र ऐकण्यातली गत. कूलर बंद केला की पाच मिनिटांत डोळ्यांत घाम उतरतो. शेवटी ते काम लोडशेडिंगनं करून दिलं. रात्री साडेअकराला लाईन गेली. कूलर थांबला, चक्की तर आधीच बंद, रस्त्यावरचा दिवा गेला, आणि इन्व्हर्टरवर एकटा कॉम्प्युटर उरला. कूलरच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं तेवढं ठिबकून थांबलं. मग मी एकेक डिस्क लावून कान देऊन बसलो.

५४०० वाली ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल, पण टेबलावर तळहात ठेवला की जाणवते. सेकंदाला नव्वद फेरे, त्याची बारीक थरथर लाकडात उतरते. ७२०० वालीचे सेकंदाला एकशेवीस फेरे, तिचा सूर वर चढलेला, खोलीत सगळीकडे पसरणारा. काळ्या पट्टीची जी होती, महागडी, तिचा सूर तर होताच, वर हेड पळवताना ती अशी कुरकुर कुरकुर करायची की कोपऱ्यात उंदीर आहे की काय असं वाटावं. दोन डिस्का एकाच सीपीयूत बसवल्या तर आणखी एक प्रकार होतो. दोघींचे फेरे अगदी सारखे कधीच नसतात. त्या किंचितशा फरकामुळे आवाज एकदा फुगतो, एकदा बसतो, घूंऽऽ... घूंऽऽ... असा श्वास घेतल्यागत चालू राहतो, आणि सीपीयूचा पत्रा तो आणखी वाढवून देतो. त्यावर आमचा इलाज म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. स्क्रूच्या आणि पत्र्याच्या मध्ये एकेक चकती कापून घातली की निम्मा आवाज जिरतो. आर्णीवाला त्याला 'वॉशर' म्हणतो आणि गिऱ्हाइकांकडून त्याचे वेगळे पैसे घेतो.

पूर्वीच्या डिस्कांना छऱ्यांचं बेअरिंग असायचं. माझ्या पहिल्या ८० जीबीच्या डिस्कचा आवाज शेवटी शेवटी इतका वाढला होता की बायको म्हणायची, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पीठ दळून राह्यलं का कोणी. आता तबकडीचा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे ती किंचाळी गेली. चांगलंच झालं. पण त्या रात्री अंधारात बसून मला वाटायला लागलं की तुलनेसाठी मांडलेल्या तक्त्यातल्या आवाजाच्या रकान्यात आपण गुण उलटे देतोय. मला बोलणारी डिस्क हवी आहे. सुरू होताना ती किती वेळात वेग धरते हे मला कानानं कळतं. वाचता वाचता मधेच अडखळली, पुन्हा तीच जागा वाचायला गेली, हे कानानं कळतं. आणि ज्याला सगळे स्टुडिओवाले घाबरतात तो आवाज, टक्... टक्... टक्... एकाच लयीत, म्हणजे हेड जागा शोधतंय, सापडत नाही, पुन्हा मागं जातंय. तो आवाज आला की दुसरा कोणताही बटण न दाबता वीज काढायची, एवढं आमच्याकडच्या पोट्ट्यालाही शिकवलं आहे. मुकी डिस्क तेवढीही सवलत देत नाही. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर लिहिणाऱ्या डिस्कचं, तर बोलायलाच नको. मिक्सिंगला ती झकास, विंडोज तिच्यावरच आहे. पण जाते तेव्हा दिवा विझल्यासारखी जाते, वर टीबीमागं भावही कितीतरी जास्त, आणि वापरून झिजलेली एसएसडी आमच्या उन्हाळ्यात वीज न देता कपाटात टाकून ठेवायची माझी छाती नाही.

लाईन जाण्यावरून आठवलं. लाईन गेली की आत काय होतं हे मला कळलं तेव्हापासून मी या वस्तूचा आदर करायला लागलो. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीवर टेकलेलं नसतं. तबकडीच्या वाऱ्यावर ते तरंगतं, अंतर फक्त काही नॅनोमीटर. आमच्या रस्त्यावरच्या मुरमाचा बारीकातला बारीक कण त्या फटीपुढे डोंगर ठरेल. आता अशात वीज गेली तर? तबकडी मंदावणार, वारा पडणार, हेड खाली येऊन आपटणार. म्हणून अशी सोय केलेली असते की वीज तुटली त्या क्षणी फिरती तबकडी आपल्याच मोटरला जनित्र करते. जो काही वेग अजून अंगात आहे त्यातून चिमूटभर वीज निघते, आणि त्या विजेवर हेड बाजूच्या उतरणीवर चढवून सुरक्षित ठेवलं जातं. मग तबकडी निवांत थांबते. डिस्क असं किती वेळा करावं लागलं याची नोंदही ठेवते. पुण्या-मुंबईच्या कोणाच्या डिस्कमध्ये तो आकडा पाहा आणि आमच्या पाहा. यूपीएसची बॅटरी आमच्याकडे दोन उन्हाळे धड काढत नाही, त्यामुळे आमच्या डिस्कांना ही कसरत पाठ असते.

राहिलं टिकाऊपण. तिथं मी अडलो तो अडलोच.

कागदावर लिहिलेलं असतं, सरासरी दहा लाख तास. भागाकार करून पाहा, एकशेचौदा वर्षं येतात. एवढी वर्षं कोणती डिस्क चालली आहे आणि कोणी पाहिली आहे? तो आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतोच. हजारो डिस्का एकदम चालवल्या तर वर्षाला शंभरातली साधारण एक जाईल, एवढाच त्याचा अर्थ. बॅकब्लेझ नावाची अमेरिकेतली साठवणुकीची कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कांचा हिशेब गेली कित्येक वर्षं जाहीर करते आहे. त्यात अलीकडे वर्षाला शंभरात एक ते दोन असं प्रमाण दिसतं, मॉडेलनुसार कमीजास्त. तो हिशेब मी आवडीनं वाचतो. पण त्यांच्या डिस्का थंड हवेच्या हॉलमध्ये रांगेनं लावलेल्या, चोवीस तास अखंड विजेवर. माझी एक, कूलरच्या दमट वाऱ्यात, दिवसातून चार वेळा लाईन जाणारी. गूगलनं २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक माझ्या समाधानाची, की उष्णतेला जेवढं घाबरतात तेवढा तिचा दोष नेहमीच्या तापमानात दिसला नाही. (नेहमीचं तापमान म्हणजे त्यांचं. आमच्याकडे खोलीच बेचाळीसवर गेली की डिस्क पन्नाशी ओलांडते, आणि बहुतेक साध्या डिस्कांची कागदावरची हद्द साठ अंशांची.) दुसरी गोष्ट वाईट. मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीच्या) ज्या चार खुणा महत्त्वाच्या मानल्या जातात, त्यांतली एकही आधी दाखवली नव्हती. हे मी माझ्या टेबलावर अनुभवलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळ्या चौकोनात 'गुड' दाखवणारी डिस्क दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखच दाखवेना. दिग्रसवाल्यानं सल्ला दिला, फ्रीजमध्ये ठेवून पाह्य. हा सल्ला आमच्या धंद्यात नजर उतरवण्यासारखा सगळीकडे चालतो, त्यानं आत ओल धरते एवढाच परिणाम होतो. शहरातल्या रिकव्हरीवाल्यानं जो आकडा सांगितला त्यात त्या हंगामाची निम्मी कमाई गेली असती.

म्हणजे वेग मोजता येतो, आवाज ऐकता येतो, आणि टिकाऊपण फक्त ती डिस्क मेल्यावर कळतं. तीन डिस्का टेबलावर ठेवून त्यांची त्या बाबतीत तुलना करायला मी बसलो होतो, ती करताच येत नाही. जगभरात आता डिस्क बनवणाऱ्या कंपन्याही तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीची सगळी नावं यांच्यात विरघळली. तरी आमच्यात 'हीच घ्या, थी कंपनी भंगार' असे दोन तट पक्के आहेत. ज्याची जी डिस्क मेली ती कंपनी भंगार. यापलीकडे त्याला आधार नाही.

बाबाजींचा प्रश्न मला टोचत होता तो वेगळ्याच कारणानं. मी या धंद्यात आलो तेव्हा व्हीएचएसच्या शेवटच्या दिवसांत आलो. तेव्हा मिक्सिंग झालं की कॅसेट घरी जायची आणि तिथंच राहायची. लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात. आषाढात तिला पांढरी बुरशी चढायची, व्हीसीआर ती फीत चघळायचा, आणि लोक हळहळायचे. पण माझ्याकडे कोणी भांडायला येत नसे. वस्तू त्यांची, कपाट त्यांचं, बुरशीही त्यांचीच. मग मिनी डीव्हीची छोटी डिजिटल कॅसेट आली, तासाला तेरा जीबी खाणारी, आणि तिच्याबरोबर हार्डडिस्क. कोणी ठरवलं नाही, कोणी कागद केला नाही, पण लग्न घरून निघून माझ्या टेबलाखाली राहायला आलं. घरी गेली ती डीव्हीडी, ती चार वर्षांत ओरखडून गेली किंवा पोरांनी पतंगाच्या दोऱ्याला बांधून फिरवली. तिच्याबद्दल कोणाला काही वाटतही नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं, 'ओरिजिनल भाऊपाशी असंनच ना.' थायलंडमध्ये २०११ साली महापूर आला, तिथले डिस्कचे कारखाने बुडाले आणि इकडे भाव असे चढले की त्या हंगामात आम्ही डिस्का न घेता डीव्हीडीवरच भागवलं. त्या वर्षीच्या लग्नांचं विचारायला कोणी आलं की मला अजून पोटात गोळा येतो.

आणि येतात. त्यांना काय हवं असतं हे आधी कधीच ओळखता येत नाही. गेलेल्या आईचा एखादा हलता-बोलता तुकडा मागायला येतात, ते समजण्यासारखं आहे. पण एक भाऊ आला होता, बहिणीचं प्रकरण कोर्टात गेलेलं. त्याला मांडवात तिच्या अंगावर किती दागिने होते ते दाखवणारा भाग हवा होता. आम्ही दोघं एकेक फ्रेम थांबवून पोत, पाटल्या, गोफ मोजत बसलो. ती पडद्यावर हसत होती आणि तो कागदावर लिहून घेत होता. एक काकू आल्या होत्या आहेर पाहायला. कोणाकडून पाच भांडी आली, कोणाकडून नुसता टॉवेल-टोपी, हे त्यांना परतीच्या आहेराआधी पक्कं करायचं होतं. वहीत लिहून ठेवलं होतं, वहीवर त्यांचा विश्वास नव्हता. "वहीत माह्या जावेचं अक्षर हाये. तुह्या डब्ब्यात खोटं नसते." त्या वाक्यानं मला बरं वाटलं होतं आणि नंतर भीतीही वाटली. मी बिल घेतलं होतं शूटिंगचं आणि अल्बमचं. राखणीचं नव्हतं घेतलं. अशी वर्षानुवर्षांची राखण माझ्या अंगावर कधी आली, हे मला सांगता येत नाही, आणि कोणी काढून घ्यायला आलं तर मला ती द्यावीशी वाटेल का, हेही सांगता येत नाही. गावातल्या निम्म्या घरांचे मांडव आपल्या टेबलाखाली आहेत याचा एक छुपा माज असतो. तो नाही म्हणणं खोटं होईल.

वाटणीच्या दिवशी दोघं आले. मी तक्ता दाखवला. टिकाऊपणाचा रकाना कोरा पाहून दिग्रसवाला म्हणाला, "काऊन बे, हे त सोडूनच देल्लं." मी म्हटलं, तो रकाना डिस्कचा नाही, आपला आहे. एक डिस्क पाच वर्षांच्या गॅरंटीची असो की दोन, ती एकटी असेल तर भरवसा शून्य. आणि दोन असून दोन्ही एकाच खोलीत, एकाच इन्व्हर्टरवर, वीज पडली तर एकदम जाणाऱ्या, तर तोही भरवसा अर्धाच. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे विजा कशा पडतात हे त्याला सांगावं लागत नाही. बरीच भवति न भवति झाली. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच पेनड्राइव्ह देऊन मोकळं व्हावं, बिलावर 'डाटा तीन वर्षं ठेवला जाईल' असं छापावं, असं आर्णीवाल्याचं म्हणणं. ते छापलंही. लोक वाचत नाहीत, आणि जो वाचतो तो पावतीवर बोट ठेवून घासाघीस करतो, "तीन काऊन? पाच करा ना, अल्बम एवढ्याचा घेऊन राह्यलो." एका पोरीच्या बापाला मी पेननं पाच करून दिलं. माझी काळी डिस्क पाच वर्षांच्या गॅरंटीची आहे, तो हिशेब तेव्हा डोक्यात होता की नव्हता, कोणास ठाऊक.

दुसरी गोष्ट ठरली ती मात्र अमलात आली. प्रत्येकाची एक प्रत दुसऱ्याच्या गावात. माझी लग्नं दिग्रसला, दिग्रसची आर्णीला, आर्णीची माझ्याकडे. ती कवेलूवाली स्वस्त डिस्क यालाच कामाला आली, भरायची आणि ठेवून द्यायची. वेगवान डिस्क दिग्रसवाल्यानं लगेच उचलली, कुरकुर करणारी माझ्याकडे राहिली, आणि आणखी दोन घ्यायला परत नागपूर झालं, यावेळी वेगळ्या दुकानातून, म्हणजे एकाच खोक्यातला माल एकदम जायला नको. तीन-चार महिन्यांनी डिस्क काढून, चालवून, पुसून परत ठेवायची असाही नियम आहे.

आम्ही तिघं एकमेकांचे भाव पाडणारे. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्यानं पळवलं यावरून मागं एक अख्खा उन्हाळा बोलणं बंद होतं. आता माझं सगळं काम, कोणाचं लग्न केलं, किती कॅमेरे लावले, ड्रोन कुठं उडवला, दिग्रसच्या त्याच्या कपाटात आहे. पासवर्ड टाकावा असं पहिल्यांदा वाटलं होतं. पण मग मी उद्या नसलो तर त्या काकूंना आहेर कोण दाखवणार, म्हणून तो टाकला नाही. गेल्या महिन्यात दिग्रसवाल्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, तुरीचा भाव विचारला, आणि मग हळूच, "तुह्या थ्या हळदीच्या शूटिंगमधी पिवळा कलर एवढा कडक कसा आला बे? कोन्तं सेटिंग होतं?"

मी सेटिंग सांगितलं. आर्णीवाल्याचं मी आधीच पाहून घेतलं होतं, त्याच्याकडचा ड्रोनवाला आमच्यापेक्षा पाच हजारानं स्वस्त आहे.